अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध : गुलामांच्या बाजूने

पदवीच्या वर्गाला मी आधुनिक जगाचा इतिहास शिकवतो. ‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील निर्णायक वळणे सांगा’ हा त्यातला हमखास विचारला जाणारा प्रश्न. त्याचे उत्तर गाइडवाल्यांनी केव्हाच ठरवून टाकले आहे : बोस्टनचा चहा, लेक्सिंग्टन, चार जुलैचा जाहीरनामा, साराटोगा, यॉर्कटाउन, पॅरिसचा तह. मुले ते पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात.

या उत्तरात एक गोष्ट कुठेच येत नाही. युद्ध पेटले तेव्हा तेरा वसाहतींची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती आणि त्यांतली जवळजवळ ५ लाख माणसे गुलाम होती. म्हणजे पाचातला एक. तंबाखूच्या, भाताच्या, निळीच्या मळ्यांवर राबणारी, बाजारात किंमत ठरणारी, मृत्युपत्रात गुराढोरांशेजारी नोंदली जाणारी ही माणसे. ज्या युद्धात पाचातला एक माणूस दुसऱ्याची मालमत्ता होता, त्या युद्धाची वळणे ठरवताना ती कुणाच्या आयुष्यातली वळणे हे कुणी विचारायचे की नाही?

आपल्याला हा विषय परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करून. म्हणजे या कथेचा १८६५ सालचा शेवट आपल्याला जोतीरावांनीच सांगितला. पण तिचे त्याआधीचे नव्वद वर्षांपूर्वीचे प्रकरण आपण फारसे उघडत नाही, आणि नेमके तेच आपल्या कामाचे आहे. कारण आपल्यातल्या बहुतेकांना कधी ना कधी एक प्रश्न ऐकावा लागतो. तुमचे पूर्वज इंग्रजांच्या पलटणीत होते ना? कोरेगावला तुम्ही कुणाच्या बाजूने उभे होता? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असते. अमेरिकेच्या इतिहासातही इंग्रजांच्या छावणीकडे पळालेल्या काळ्या गुलामांना शतकभर अशाच फितुरांच्या खात्यात टाकले गेले, नाहीतर गाळूनच टाकले गेले. त्यांची बाजू मांडायची तर युद्धाच्या तारखाच पुन्हा लावाव्या लागतात.

पहिली तारीख युद्धाच्या आधीची आहे आणि ती अमेरिकेतली नाही, लंडनमधली आहे. जेम्स सॉमरसेट नावाच्या गुलामाला त्याच्या मालकाने बोस्टनहून इंग्लंडला नेले होते. तिथे तो पळाला, पकडला गेला आणि जमेकाला विकण्यासाठी जहाजावर साखळदंडात ठेवला गेला. जून १७७२ मध्ये न्यायमूर्ती मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला की इंग्लंडमधून गुलामाला असे जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही. निकाल तेवढ्यापुरताच होता. इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामगिरी त्याने तसूभरही हलली नाही. पण बातमी निकालापेक्षा मोठी असते. वर्षा-दोन वर्षांत व्हर्जिनियातल्या वर्तमानपत्रांत पळालेल्या गुलामांच्या शोधाच्या ज्या जाहिराती येत, त्यांत मालक लिहू लागले की आमचा गुलाम जहाज गाठून इंग्लंडला जाण्याच्या प्रयत्नात असावा. ज्यांना लिहा-वाचायची बंदी होती किंवा संधी नव्हती, त्यांच्यापर्यंत लंडनच्या कोर्टाची बातमी कशी पोचली असेल? मालकाच्या जेवणाच्या टेबलाशी वाढपी म्हणून उभा असलेला माणूस बहिरा नसतो, एवढेच त्याचे उत्तर.

१७७५ च्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनला पहिल्या गोळ्या झडल्या. तिथे जखमी झालेल्यांत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक काळा गुलाम होता, आणि तो अमेरिकनांच्या बाजूने उभा होता. जूनमध्ये बंकर हिलवर पीटर सेलम आणि सेलम पुअर हे काळे सैनिक लढले. पाच वर्षांपूर्वी बोस्टनच्या रस्त्यावर इंग्रजांच्या गोळीने पडलेल्यांत क्रिस्पस अॅटक्स होता, तोही काळाच. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे काळे इंग्रजांकडे गेले असे कुणी समजू नये. उत्तरेकडच्या वसाहतींत गुलाम थोडे होते, मुक्त काळे होते, आणि स्वातंत्र्याच्या ज्या घोषणा चौकात दिल्या जात होत्या त्या आपल्यालाही लागू असाव्यात असे त्यांना वाटले. वाटणारच. मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी १७७३ आणि १७७४ साली तिथल्या सरकारकडे अर्ज करून हेच विचारले होते.

मग काय झाले? जॉर्ज वॉशिंग्टनने सैन्याची सूत्रे हाती घेतली आणि १७७५ च्या शरद ऋतूत ठरले की यापुढे काळ्यांची भरती करायची नाही. गुलाम नकोत, मुक्त काळेही नकोत. बंकर हिलवरचे रक्त सुकायला पाच महिनेही झाले नव्हते.

नेमक्या त्याच महिन्यात दक्षिणेत युद्धाचे खरे पहिले वळण आले. व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर हा राजधानीतून पळून नॉरफोकजवळ एका जहाजावर सरकार चालवीत होता. सैनिक मूठभर. त्याने ७ नोव्हेंबर १७७५ ची तारीख घालून एक जाहीरनामा काढला आणि आठवड्याभराने तो प्रसिद्ध केला : बंडखोर मालकांचे जे गुलाम शस्त्र धरू शकतात आणि राजाच्या सैन्यात येतील ते मुक्त. शब्द नीट वाचावेत. बंडखोरांचे गुलाम. राजनिष्ठ मालकांचे नव्हेत. डनमोरचे स्वतःचे गुलाम तर नव्हेतच, कारण तोही गुलाम बाळगून होता. यात माणुसकीचा भाग किती आणि रसद तोडण्याचा भाग किती, हे सांगायला नकोच.

तरीही माणसे निघाली. रात्रीच्या अंधारात, चोरलेल्या होड्यांतून, खाड्या पोहत. काही महिन्यांत आठशेच्या आसपास पुरुष डनमोरच्या ‘इथिओपियन रेजिमेंट’मध्ये आले. त्यांच्या अंगरख्यावर ‘गुलामांना स्वातंत्र्य’ असे शब्द असल्याची नोंद तेव्हाच्या वर्तमानपत्रात सापडते. जाहीरनाम्यात बायका-पोरांना जागा नव्हती, तरी बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या. डिसेंबरात ग्रेट ब्रिजच्या लढाईत डनमोर हरला. नंतर जहाजांच्या दाटीत देवीची साथ आली आणि शेकडो माणसे मेली. १७७६ च्या ऑगस्टमध्ये उरलेल्यांना घेऊन तो चेसापीकच्या खाडीतून निघून गेला. लष्करी दृष्टीने हा प्रयोग फसला असे इतिहासकार लिहितात. लिहोत. त्या आठशेतल्या एकेकाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता उंबरठा ओलांडला होता, हे कुठल्या रकान्यात लिहायचे?

मालकवर्गाची प्रतिक्रिया वाचण्याजोगी आहे. व्हर्जिनियाच्या वर्तमानपत्राने गुलामांना समजावले की डनमोर तुम्हाला वेस्ट इंडिजला विकून टाकील, तुमचे खरे हितचिंतक तुमचे मालकच. (गावगाड्यात सगळे कसे एका कुटुंबासारखे नांदत होते असे लिहिणाऱ्या आपल्याकडच्या सज्जनांची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.) दुसरीकडे परत येणाऱ्यांना माफी आणि न येणाऱ्यांना जबर शिक्षा, असे फर्मान निघाले. वॉशिंग्टनने एका पत्रात डनमोरला मानवी हक्कांचा महाद्रोही ठरवले. शेकडो गुलामांचा धनी दुसऱ्या गुलामधन्याला असे म्हणतो, आणि कारण काय, तर त्याने गुलामांना मुक्त व्हा म्हटले! पण वॉशिंग्टन चतुर होता. डिसेंबर संपता संपता त्याने भरतीवरची बंदी अर्धी उठवली. आधी लढलेल्या मुक्त काळ्यांना परत घेण्याची मुभा दिली. भीती अशी की ते डनमोरकडे जातील. म्हणजे अमेरिकन सैन्याचे दार काळ्यांना किलकिले झाले ते जाहीरनाम्यातल्या समतेमुळे नव्हे. समतेचा जाहीरनामा अजून लिहिलाच गेला नव्हता.

तो १७७६ च्या जुलैमध्ये आला. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष इंग्लंडच्या राजावर टाकणारे एक कलम होते. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या प्रतिनिधींना ते नको होते, कलम गळाले. पण राजाविरुद्धच्या तक्रारींत एक तक्रार मात्र राहिली : राजाने आमच्या घरात बंडे माजवली. ही ‘घरातली बंडे’ म्हणजे डनमोरच्या जहाजाकडे पोहत गेलेली माणसे. सर्व माणसे समान जन्मतात असे म्हणणाऱ्या कागदावर गुलामांच्या मुक्तीची धडपड गुन्हा म्हणून नोंदली गेली. हा मुद्दा मी वर्गात फळ्यावर लिहितो.

साराटोगाबद्दल फार लिहीत नाही, गाइडात आहे. १७ ऑक्टोबर १७७७ ला बर्गॉइनची फौज शरण आली, ६ फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्सने अमेरिकेशी तह केला आणि वसाहतींचे भांडण जागतिक युद्ध झाले. फ्रेंच आरमाराशिवाय पुढचा विजय शक्य नव्हता, तेव्हा हे वळण खरेच. पण याच हिवाळ्यात दुसरेही काही घडत होते. गोरे स्वयंसेवक आटले होते, प्रत्येक राज्याला ठरलेली माणसे पुरवता येत नव्हती. त्या तंगीत ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने फेब्रुवारी १७७८ मध्ये ठरवले की भरती होणारा गुलाम मुक्त समजावा आणि मालकाला सरकारी तिजोरीतून किंमत द्यावी. दोनशेच्या आसपास गुलाम आले. मालकांच्या ओरडीने जूनमध्ये ही सवलत बंद झाली, पण पलटण उभी राहिली आणि ऑगस्टमध्ये ऱ्होड आयलंडच्या लढाईत ती चिवटपणे टिकली. २४ ऑगस्ट १७७८ च्या हजेरीत वॉशिंग्टनच्या सैन्यात ७५५ काळे सैनिक दिसतात. सबंध युद्धात अमेरिकेच्या बाजूने सुमारे ५,००० काळे लढले असे मानले जाते. यांतल्या अनेकांना स्वातंत्र्य मिळाले, आणि ते त्यांनी कमावलेले होते.

दक्षिणेत मात्र असे काहीही होऊ शकत नव्हते. जॉन लॉरेन्स हा वॉशिंग्टनचा तरुण सहकारी. त्याचा बाप हेन्री लॉरेन्स हा चार्ल्सटनचा एके काळचा बडा गुलामव्यापारी आणि काँग्रेसचा अध्यक्ष राहिलेला. पोराने सुचवले की साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियातून ३,००० गुलामांची फौज उभारावी आणि युद्धानंतर त्यांना मुक्त करावे. मार्च १७७९ मध्ये काँग्रेसने तशी शिफारसही केली. साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने ती संतापाने फेटाळली. इंग्रज दाराशी उभे असताना! राज्य गेले तरी चालेल, पण गुलामाच्या हातात बंदूक नको, असा तो हिशेब होता. उलट व्हर्जिनियाने १७८० मध्ये भरती होणाऱ्या गोऱ्या शिपायाला युद्धानंतर जमिनीबरोबर एक धडधाकट गुलाम देण्याचे कबूल केले. स्वातंत्र्यासाठी लढ, बक्षीस म्हणून माणूस घेऊन जा. याहून उघडे वाक्य मला या युद्धाच्या दप्तरात सापडलेले नाही.

इंग्रजांनी आपला मोर्चा दक्षिणेकडे वळवला तेव्हा त्यांचा पहिला मोठा विजय एका गुलामाने मिळवून दिला. २९ डिसेंबर १७७८ ला सव्हाना शहर पडले ते क्वामिनो डॉली नावाच्या वृद्ध काळ्या माणसाने दलदलीतून जाणारी चोरवाट दाखवल्यामुळे. अमेरिकनांच्या पिछाडीला इंग्रज कसे आले हे त्यांना कळायच्या आत सारे आटोपले. लष्करी इतिहासात डॉलीला एक ओळ मिळते. ती दलदल त्याला का माहीत होती, कुणाची भाते लावताना माहीत झाली, हे मात्र कुणी लिहीत नाही.

मग ३० जून १७७९. न्यूयॉर्कजवळ फिलिप्सबर्गला इंग्रज सेनापती हेन्री क्लिंटनने दुसरा जाहीरनामा काढला. डनमोरने शस्त्र धरणाऱ्यांनाच बोलावले होते. क्लिंटनने बंडखोरांच्या कुठल्याही गुलामाला छावणीत आसरा आणि मनाजोगा धंदा करण्याची मोकळीक देऊ केली. आता बायका आल्या, म्हातारी आली, सबंध कुटुंबे आली. माझ्या लेखी या युद्धाचे सर्वांत मोठे वळण हे आहे. साराटोगाने फ्रान्स उतरला; फिलिप्सबर्गने मळे रिकामे होऊ लागले. सबंध युद्धात किती गुलाम इंग्रजांकडे पळाले यावर इतिहासकारांत वाद आहे. जुने लेखक लाखाच्या घरातला आकडा देत, अलीकडचा काटेकोर हिशेब २०,००० च्या आसपास येतो. कमी आकडा धरला तरी अमेरिकेच्या यादवी युद्धापूर्वी गुलामांनी एवढ्या संख्येने मालकांकडे पाठ फिरवल्याचे दुसरे उदाहरण नाही. पुस्तकांत गुलामांचे बंड म्हणून शोधायला गेलो तर हे सापडत नाही, कारण ते ‘राजनिष्ठांच्या’ प्रकरणात दडवलेले असते.

पण क्लिंटनच्या त्याच कागदावर आणखी एक गोष्ट होती आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंडखोरांच्या सैन्यात काम करणारा काळा सापडला तर त्याला विकून टाकावे, असेही त्यात म्हटले होते. एकाच जाहीरनाम्यात मुक्ती आणि लिलाव. चार्ल्सटन १२ मे १७८० ला पडल्यावर राजनिष्ठ मालकांचे पळालेले गुलाम इंग्रज अधिकारी त्यांच्या हवाली करीत राहिले, आणि बंडखोरांच्या जप्त मळ्यांवरचे गुलाम इंग्रज सरकारसाठी तसेच राबत राहिले. छावणीत आलेल्यांना खंदक खणणे, ओझी वाहणे, कपडे धुणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे मिळाली. मेलेले जनावर कुणी ओढायचे हे ठरवण्यात जगातल्या सगळ्या वरिष्ठांचे कसे एकमत असते!

बॉस्टन किंग नावाचा तरुण सुतार चार्ल्सटनजवळून याच वेळी पळाला. त्याची आत्मकथा १७९८ साली छापली गेली, म्हणून त्याचे मन आपल्याला कळते. त्याला देवी आल्या तेव्हा इंग्रजांनी आजारी काळ्यांना छावणीपासून मैलभर दूर नेऊन ठेवले. खायला-प्यायलाही दिवसदिवस मिळत नसे. तरी बरा झाल्यावर तो मालकाकडे परतला नाही. इंग्रज चांगले आहेत असा त्याचा समज झाला होता काय? मुळीच नाही. मागे काय आहे हे त्याला ठाऊक होते, एवढेच.

आता यॉर्कटाउन. १७८१ च्या उन्हाळ्यात कॉर्नवॉलिस व्हर्जिनियातून फिरला तेव्हा हजारो गुलाम त्याच्या मागे आले. यॉर्कटाउनचे मोर्चे, बुरूज, खंदक भर उन्हात त्यांनी उभे केले. ५ सप्टेंबरला फ्रेंच आरमाराने खाडीचे तोंड बंद केले, महिनाअखेर वेढा पडला, धान्य संपत आले. तेव्हा कॉर्नवॉलिसने काय केले? काळ्यांना, विशेषतः देवीने आजारी असलेल्यांना, तटबंदीबाहेर हाकलले. दोन्ही फौजांच्या मधल्या रानात ही माणसे उपासाने आणि तापाने मेली. इंग्रजांच्या बाजूने लढणारा जर्मन अधिकारी योहान एवाल्ड याने रोजनिशीत शरमेने लिहून ठेवले आहे की आम्ही यांना वापरले, मुक्त म्हटले आणि आता त्यांच्या क्रूर धन्यांच्या दिशेने ढकलून देतो आहोत. १४ ऑक्टोबरच्या रात्री दहा नंबरच्या बुरुजावर अमेरिकनांनी जो प्रसिद्ध हल्ला केला, त्यात ऱ्होड आयलंडच्या पलटणीचे शिपाई होते. त्या पलटणीत काळे होते. बुरूज बांधणारे काळे, बुरुजावर चढणाऱ्यांत काळे, आणि मधल्या रानात प्रेते काळ्यांची. १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिस शरण आला. शरणागतीच्या अटींत अमेरिकनांना आपली ‘मालमत्ता’ परत घेण्याचा हक्क होता, आणि आठवड्याभरात वॉशिंग्टनचा हुकूम निघाला की काळ्यांना गोळा करून पहाऱ्यात ठेवावे. त्याच्या स्वतःच्या माउंट व्हर्ननवरून त्याच एप्रिलमध्ये १७ माणसे इंग्रजांच्या जहाजावर पळाली होती. त्यांतली काही यॉर्कटाउनला त्याला परत मिळाली. जगाच्या इतिहासात स्वातंत्र्याचा विजयदिन म्हणून नोंदलेली ही तारीख त्या माणसांना कशी आठवत असेल?

हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल म्हणून आपल्याकडे आला. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या जोडीला होते, आणि १७९३ ला त्याने बंगालच्या जमीनदारांना कायमधारा बांधून दिला. पेशव्यांचे सरदार इंग्रजांच्या छावणीशेजारी तंबू ठोकतात तेव्हा त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात. शब्द बदलतो तो माणूस पाहून.

तहाची बोलणी पॅरिसला झाली. ३० नोव्हेंबर १७८२ ला कच्च्या तहावर सह्या व्हायच्या वेळी, अगदी शेवटच्या घटकेला, हेन्री लॉरेन्सच्या आग्रहाने सातव्या कलमात चार शब्द घुसवले गेले : इंग्रजांनी जाताना ‘काळे किंवा अन्य मालमत्ता’ नेऊ नये. मुलगा जॉन तीनच महिन्यांपूर्वी एका चकमकीत मेला होता. जो मुलगा गुलामांच्या मुक्त पलटणीचा आग्रह धरून गेला, त्याच्या बापाने हे शब्द घातले.

बातमी न्यूयॉर्कला पोचली तेव्हा तिथे हजारो पळालेली माणसे राहत होती. बॉस्टन किंगही तिथे होता, लग्न करून संसार मांडून. तो सांगतो की त्या दिवसांत लोकांच्या तोंडचे अन्न आणि डोळ्यांवरची झोप उडाली, कारण व्हर्जिनियातून आणि कॅरोलिनातून जुने मालक येऊन रस्त्यांतून, अंथरुणांतून माणसे ओढून नेऊ लागले होते. ६ मे १७८३ ला हडसनकाठी वॉशिंग्टन आणि नवा इंग्रज सेनापती गाय कार्लटन यांची भेट झाली. वॉशिंग्टनने पहिलाच विषय काढला तो गुलामांचा. कार्लटनने सांगितले की काही जहाजे आधीच निघाली आहेत. त्याचा युक्तिवाद असा : तहावर सही झाली त्याआधी जे आमच्याकडे आले ते जाहीरनाम्यांप्रमाणे त्याच क्षणी मुक्त झाले, ते मालमत्ताच उरले नाहीत, तेव्हा कलम त्यांना लागू नाही. आमच्या राष्ट्राने शब्द दिला आहे आणि तो कुठल्याही रंगाच्या माणसाशी पाळायचा आहे. कार्लटनला उगाच देव करण्याचे कारण नाही. त्याआधीच्या वर्षी सव्हाना आणि चार्ल्सटन सोडताना इंग्रजांनी हजारो काळे जहाजांवर चढवले होते, त्यांतले बहुसंख्य राजनिष्ठांचे गुलाम म्हणूनच जमेका आणि फ्लोरिडाकडे गेले. पण न्यूयॉर्कला एका अधिकाऱ्याने दिलेला शब्द पाळला, हे नोंदवलेच पाहिजे.

त्यासाठी एक वही तयार झाली. तिचे नाव ‘बुक ऑफ नीग्रोज’. सुमारे ३,००० माणसे तीत आहेत, त्यांत नऊशेहून अधिक स्त्रिया. नाव, वय, अंगलट, पूर्वीचा मालक कोण, कुठून आणि केव्हा पळाला, आता कुठल्या जहाजाने चालला. ही वही खरे तर मालकांना पुढेमागे भरपाई मागता यावी म्हणून केलेली होती. कारकून ‘धडधाकट’ किंवा ‘झिजलेली’ असे शेरे गुरांच्या बाजारातल्यासारखे मारतो. पण माणसांनी तिथे उभे राहून सांगितले ते वेगळेच. डेबोरा स्क्वॉश, वय २०, चार वर्षांपूर्वी जनरल वॉशिंग्टनकडून निघून आले. ‘निघून आले’. प्रत्येकाला जनरल बर्चच्या सहीचा दाखला मिळे, आणि दाव्यात अडकलेल्यांची सुनावणी दर बुधवारी फ्रॉन्सेसच्या खाणावळीत होई. त्याच खाणावळीत ४ डिसेंबर १७८३ ला वॉशिंग्टनने आपल्या अधिकाऱ्यांचा डोळे पुसत निरोप घेतला. प्रवासी आज ती इमारत या दुसऱ्या प्रसंगासाठी पाहतात.

त्या दाखल्याचा विचार मी पुष्कळ करतो. माझ्या घरात माझ्या आधी सही करणारा कुणी नव्हता. वडील पत्र्याच्या पेटीत मेणकापडात गुंडाळून काही कागद ठेवीत : रेशनकार्ड, जातीचा दाखला, माझ्या शाळेचे प्रमाणपत्र, तलाठ्याने कधीतरी दिलेला एक उतारा. त्यांना त्यातले अक्षर वाचता येत नसे, पण कुठला कागद कुठला हे हाताला कळे. एकदा घरात पाणी शिरले तेव्हा त्यांनी आधी पेटी उचलली. बर्चचा दाखला वाचता न येणारी माणसे तो कशी जपत असतील हे मला पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही.

न्यूयॉर्कशी आपलाही एक धागा आहे. राजाच्या नावाने चालणारे तिथले किंग्ज कॉलेज युद्धानंतर १७८४ ला कोलंबिया झाले. बाबासाहेब १९१३ ला तिथे शिकायला गेले. तोवर विद्यापीठ शहराच्या उत्तरेला हलले होते, आणि जिथे ते हलले ती टेकडी म्हणजे सप्टेंबर १७७६ च्या हार्लेम हाइट्सच्या लढाईची जागा. गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करणारे बाबासाहेबांचे लेखन आपण वाचतो. १९४६ ला त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या प्रश्नाचा आपला अभ्यास कळवला होता हेही आपल्याला माहीत आहे.

१७८७ ची अमेरिकन राज्यघटना आली. तीत गुलामांची गणना पाचास तीन या हिशेबाने, पळालेला गुलाम मालकाला परत देण्याची तरतूद, आणि गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत अभय. १७९२ च्या कायद्याने राष्ट्रीय नागरी सेनेत नोंद फक्त गोऱ्या पुरुषांची. बंकर हिल, ऱ्होड आयलंड, यॉर्कटाउन सगळे विसरले. इथे मला आपल्याकडचे १८९० चे दशक आठवते. ‘लढाऊ जातीं’चे खूळ पुढे करून इंग्रजांनी महारांची लष्करभरती थांबवली, आणि गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाला व पुढे शिवराम जानबा कांबळ्यांना आमच्या पूर्वजांनी तुमच्यासाठी रक्त सांडले हो, असे अर्जावर अर्ज करावे लागले. गरज सरली की शिपाई पुन्हा अस्पृश्य होतो. सरकार नव्या राष्ट्राचे असो की जुन्या साम्राज्याचे.

तेव्हा फितुरीचा प्रश्न विचारणाऱ्यांना माझे एवढेच म्हणणे आहे की आधी देश कुणाचा होता ते सांगा. हॅरी आणि डेबोरा यांचा व्हर्जिनियात वाटा काय होता? ते राजाच्या प्रेमात पडून गेले नाहीत. राजाने फसवले तेव्हा ते राजाविरुद्धही उठले, आणि याचा पुरावा पुढच्या सतरा वर्षांत आहे.

जहाजे त्यांना कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाला घेऊन गेली. बर्चच्या नावाने बर्चटाउन वसले. कबूल केलेली जमीन फार थोड्यांना मिळाली, तीही खडकाळ. गोऱ्यांपेक्षा कमी मजुरीवर काळे राबतात म्हणून जुलै १७८४ मध्ये शेजारच्या शेलबर्नला फौजेतून सुटलेल्या गोऱ्यांनी त्यांची घरे पाडली. शेवटी ब्लॅक पायोनियर्स पलटणीचा एके काळचा सार्जंट टॉमस पीटर्स तक्रार घेऊन अटलांटिक ओलांडून लंडनला गेला. त्यातून सिएरा लिओन कंपनीची योजना पुढे आली आणि जानेवारी १७९२ मध्ये १५ जहाजांतून जवळजवळ १,२०० माणसे हॅलिफॅक्सहून आफ्रिकेकडे निघाली. काहींसाठी हे अक्षरशः घरी परतणे होते. लहानपणी याच किनाऱ्यावरून त्यांना नेले होते. फ्रीटाउन त्यांनी वसवले.

त्यांच्यात हॅरी वॉशिंग्टन होता. गँबियाच्या बाजूला जन्मलेला, माउंट व्हर्ननवर जनरल वॉशिंग्टनच्या घोड्यांची देखभाल केलेला, १७७६ ला पळालेला, ब्लॅक पायोनियर्समध्ये कॉर्पोरल झालेला. फ्रीटाउनला त्याने शेत केले. जमिनीवर भाडेपट्टी लागणार नाही असे वसाहतीला येताना सांगितले गेले होते. कंपनीने ती लावली. तेरा वसाहतींचे भांडण करावरूनच पेटले होते, हे लक्षात ठेवावे. १८०० च्या सप्टेंबरमध्ये वसाहतवाल्यांनी आपले कायदे स्वतः लिहून चिकटवले आणि कंपनीचा अधिकार नाकारला. कंपनीने नुकत्याच जहाजाने आलेल्या जमेकाच्या मरून लोकांना, म्हणजे एके काळच्या बंडखोर गुलामांच्या वंशजांना, त्यांच्यावर सोडले आणि उठाव मोडला. जॉर्ज वॉशिंग्टन त्याच्या आदल्या डिसेंबरात वारला होता. त्याच्या मालकीचे गुलाम १ जानेवारी १८०१ ला मुक्त झाले. हॅरीवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि त्याला नदीपलीकडे बुलमच्या किनाऱ्यावर हद्दपार केले गेले. तिथल्या हद्दपार लोकांच्या वस्तीचा तो एक पुढारी झाला.